चिनी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवताय? वाचन, सारांश आणि ग्रामरचा पहिला महिना

मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, अगं तुला चिनी नीट येत नाही तर तू त्या मुलांना शिकवतेस काय. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं तैवानला शिन्चूमध्ये होते, चिप कंपन्यांचं गाव आहे ते, तिथे शेजारच्या मुलांपासून सुरुवात झाली आणि आता पुण्यात परत येऊन ऑनलाईन चालू आहे. माझं चिनी म्हणजे भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. पण मराठी येतं ना, आणि ते या कामात इतकं उपयोगी पडतं की विचारू नका. चिनी बोलणारं पोर इंग्रजीत ज्या चुका करतं त्यातल्या निम्म्या आपण सगळ्यांनी पाचवी-सहावीत केलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या आपल्याला अजिबात कळत नाहीत आणि नवीन शिकवणारे तिथेच वैतागतात. हे सगळं अशाच नव्या लोकांसाठी लिहितेय.

आधी मूल कुठलं आणि परीक्षा कुठली ते विचारा

"चिनी विद्यार्थी" असं काही एक नसतं. तैवानचं मूल पारंपरिक लिपी लिहितं, मेनलँडचं (म्हणजे मुख्य चीनचं) सोपी केलेली, हाँगकाँगचं घरी कँटनीज ही वेगळी चिनी बोली बोलतं आणि इंग्रजी बालवाडीपासून ऐकलेलं असतं, सिंगापूर-मलेशियाच्या मुलांचं इंग्रजी तर कधीकधी आपल्यापेक्षा फास्ट असतं, फक्त लिहिताना गडबड होते. त्यामुळे पहिल्या कॉलला पुस्तक उघडू नका, आधी परीक्षा विचारा.

मेनलँडची बारावीनंतरची मोठी परीक्षा म्हणजे गाओकाओ. तिचा इंग्रजीचा पेपर १५० मार्कांचा, त्यात लिखाणाला ४०. नव्या पद्धतीच्या पेपरात १५ मार्कांचं पत्र किंवा नोटीस असं काहीतरी आणि २५ मार्कांना बहुतेक वेळा अर्धवट दिलेली गोष्ट पुढे न्यायची असते. शांघायचा पेपर वेगळा असतो, त्यात सारांश लिहायचा असतो १० मार्कांचा, आणि तो ६० शब्दांच्या आत बसवायचा. शांघाय सोडून बाकीच्या पेपरात ग्रामरसाठी एक उतारा, त्यात १० गाळलेल्या जागा, १५ मार्क. कॉलेजची मुलं असतील तर सीईटी-४ आणि सीईटी-६, नाव आपल्या सीईटीसारखं असलं तरी संबंध काही नाही, ही इंग्रजीची परीक्षा, एकूण ७१० मार्क आणि ४२५ ला पास धरतात. तैवानला शुएत्स नावाची परीक्षा जानेवारीत होते, त्यात दोन वाक्यांचं चिनीतून इंग्रजीत भाषांतर आणि कमीत कमी १२० शब्दांचा निबंध असतो.

हे एवढं कशाला सांगतेय, तर आईवडील मार्कांवरच बोलतात. तुम्ही "वाचनाची गोडी" वगैरे म्हणाल तर ते मान डोलावतील आणि पुढच्या महिन्यात दुसरी टीचर बघतील. सारांश हा ६० शब्दांचा व्यायाम आहे, यातून गाळलेल्या जागाही सुधारतात आणि गोष्ट पुढे नेणंही, असं सांगितलं की त्यांना पटतं. आणि ते खरंही आहे.

अजून एक, मेनलँडच्या शाळकरी मुलांच्या क्लासचं काम शोधत असाल तर ते डोक्यातून काढा. जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी क्लासेसवर मोठी बंधनं आणली आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी टीचरला कामावर घ्यायला बंदी केली. त्याआधी यात आपल्याकडचेही लोक होते, त्यांचं काम रातोरात गेलं. आता तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, नाहीतर मेनलँडचे कॉलेजवाले आणि नोकरी करणारे मोठे लोक हे आपलं गिऱ्हाईक. आणि तुम्ही स्वतः तिकडे डिपेंडंट व्हिसावर राहत असाल तर पैसे घेऊन शिकवायच्या आधी परमिटचं काय ते बघून घ्या, मैत्रिणीच्या मुलाला शिकवतेय असं म्हणून चालत नाही.

कॉल कशावर करायचा

हा मुद्दा छोटा वाटतो पण माझा पहिला आठवडा यातच गेला होता. मेनलँडमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, यूट्यूब व्हीपीएनशिवाय चालत नाही. त्यांचं सगळं आयुष्य वीचॅटवर, आणि वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद. म्हणजे त्यांचं आपल्याकडे नाही आणि आपलं त्यांच्याकडे नाही. गुगल डॉकची लिंक पाठवून "ओपन इट" म्हणत बसू नका, ते पोर संकोचाने सांगणारच नाही की उघडत नाहीये. ईमेलने साधी वर्ड फाईल पाठवायची, कॉलला टीम्ससारखं काहीतरी, आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं फक्त टेस्ट. तैवानला हा प्रश्न नाही, तिथे सगळं चालतं आणि सगळे लाईन नावाचं अ‍ॅप वापरतात.

वेळ मात्र सगळीकडे सारखी सोपी. चीन, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, सगळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यांचे रात्रीचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०. तैवानची मुलं शाळा सुटली की बूशीबानला जातात, म्हणजे आपले क्लासेसच, तिथून रात्री नऊच्या पुढे घरी येतात. साडेनऊचा क्लास घेऊ नका, मी घेतला होता, पोरगा कॅमेऱ्यासमोर बसून डोळे उघडे ठेवून झोपला होता. शनिवारी सकाळ मागून घ्या.

वाचन: डिक्शनरी बाजूला, तीन वाचनं

चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षरं एकामागोमाग एक, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. म्हणून या मुलांची नजर खूप बारीक असते, एकेक अक्षर टिपून घ्यायची सवय असते, आणि तीच सवय इंग्रजीत आणली की प्रत्येक शब्दाला थांबतात. त्यात फोनमध्ये यौदाओ डिक्शनरी, शिवाय शब्द पाठ करायची अ‍ॅप्स, त्यामुळे मुलाला मोठमोठे शब्द माहीत असतात, "अबँडन" तर झोपेतही सांगतील कारण शब्दांच्या यादीत तो अगदी सुरुवातीला येतो, आणि उतारा वाचून झाल्यावर काय वाचलं विचारलं तर गप्प.

मी असं करते. उतारा निवडताना १०० शब्दांत दोन-तीनपेक्षा जास्त अनोळखी शब्द नकोत. शब्दसंग्रहावर अभ्यास करणारे लोकही ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असंच म्हणतात, म्हणजे मूल स्वतःच्या जोरावर वाचू शकतं. आईवडिलांना तो उतारा सोपा वाटेल, वाटू दे.

पहिलं वाचन घड्याळ लावून, ३०० शब्दांना साधारण तीन-चार मिनिटं, पेन खाली, फोन उलटा. झालं की एकच प्रश्न: हे कुणाबद्दल आहे आणि काय झालं? एका वाक्यात. चुकलं तरी मी बोलत नाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पॅरातलं एकच वाक्य अधोरेखित करायचं, ज्याच्याशिवाय पॅरा कोसळेल असं वाक्य. इथे मुलं सगळंच अधोरेखित करतात, मग मी सांगते एक निवड नाहीतर मी निवडेन. तिसऱ्या वाचनात सर्वनामांवर बोट: हा "इट" म्हणजे कोण, हे "दे" कोण, "धिस" कशाला म्हटलंय. हे तिसरं वाचन सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं आहे. चिनीत कोण ते एकदा कळलं की पुढे कर्ता सरळ गाळून टाकतात, जसं आपण "कुठे गेला होतास?" "बाजारात गेलो होतो" म्हणतो तसंच, त्यामुळे कर्ता शोधायची त्यांना सवय नसते. गाओकाओत एक प्रश्न असतो, पाच जागा आणि सात वाक्यं, योग्य ती बसवायची. तो या तिसऱ्या वाचनावरच सुटतो. तुम्ही घरीच करू शकता, उताऱ्यातली पाच वाक्यं कापून बाजूला ठेवायची, दोन खोटी वाक्यं स्वतः लिहून मिसळायची.

आणि "समजलं का?" विचारू नका. हो म्हणतील. आपल्या वर्गातसुद्धा आपण सगळे हो म्हणायचो की.

सारांश: पुस्तकी उतारा नको, डबेवाल्यांचा द्या

मुलांना परीक्षेच्या पुस्तकातले उतारे पाठ असतात, म्हणजे विषय पाठ असतात. प्लास्टिक, मोबाईलचे तोटे, वसंतोत्सव म्हणजे त्यांचं नववर्ष. विषय माहीत असला की मूल उतारा न वाचताच सारांश लिहितं. म्हणून मी त्यांना कधी ऐकलेलंच नसेल असं काहीतरी देते आणि माझा ठरलेला उतारा मुंबईच्या डबेवाल्यांचा. स्वतःच लिहिलाय, सोप्या इंग्रजीत, २५० शब्द. १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलं, पांढरी टोपी, लोकल ट्रेन, डब्यावर रंग आणि आकड्यांच्या खुणा, कोविडआधी रोज २ लाखांच्या आसपास डबे आणि ५००० च्या आसपास माणसं असा आकडा सांगितला जायचा. मुलं अक्षरशः पुढे झुकून वाचतात कारण बिएनदांग, म्हणजे डब्याचं जेवण, हा तैवानमधलाही जिव्हाळ्याचा विषय, तिथे रेल्वे स्टेशनवर मिळणारा डबा फेमस आहे.

मग पायऱ्या अशा. आधी तोंडी, उतारा बंद करून, जणू आजीला फोनवर सांगतोय असं सांगायचं. तोंडी सांगताना मूल आपोआप फालतू गोष्टी गाळतं, लिहायला बसलं की गाळत नाही. तोंडी झालं की मी तिने किंवा त्याने सांगितलेलं जसंच्या तसं टाईप करते, चुकांसकट, आणि स्क्रीनवर दाखवते. मग उताऱ्याशी ताडून बघायचं: काय राहिलं, काय जास्त झालं, काय तू मनाने घातलंस. मनाने घालणं खूप होतं. "आपण त्यांच्या कष्टाचा आदर केला पाहिजे" असं शेवटी येतंच, उताऱ्यात नसलं तरी, कारण शाळेत निबंधाचा शेवट असाच शिकवलेला असतो. ते खोडायला लावा. सारांशात आपलं मत नाही, उदाहरणं नाहीत, अवतरणं नाहीत. आता ६० शब्दांत लिही म्हणायचं, आणि ६१ झाले तर ६१ वा खोडायचा. क्रूर वाटतं पण परीक्षेतही तेच आहे.

वाक्यं उचलून चिकटवू नयेत म्हणून एक नियम: मूळ उताऱ्यातले सलग चार शब्द घ्यायचे नाहीत, नावं सोडून. चीन-तैवानच्या शाळेत चांगली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची पद्धत आहे, आपल्याकडे सुविचारांची वही असायची तशी, आणि मुलांना खरंच वाटतं की चांगलं वाक्य आहे तर तेच लिहावं, यात चोरी कसली. त्यांच्यावर ओरडू नका. उताऱ्याची फाईल बंद करून लिहायला लावलं की प्रश्न मिटतो.

टेम्पलेटचा मात्र वेगळा बंदोबस्त लागतो. "विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी", "अ‍ॅज वी ऑल नो", "एव्हरी कॉईन हॅज टू साईड्स". प्रत्येक निबंध यानेच सुरू. आपण तरी काय, "आजच्या धकाधकीच्या जीवनात" आणि "विज्ञान: शाप की वरदान" यावर दहावी काढली. मी पहिल्या आठवड्यातच अशी दहा वाक्यं एका कागदावर लिहून देते आणि सांगते ही माझ्या क्लासमध्ये मेली. मुलं हसतात आणि मग दोन महिने चोरून वापरतात.

आकड्यांकडे नीट बघा. आपल्याकडे लाख-कोटी, इंग्रजीत थाउजंड-मिलियन, आणि चिनीत वान म्हणजे दहा हजार, यी म्हणजे दहा कोटी. म्हणजे २ लाख डबे हे चिनी डोक्यात २० वान असतात आणि इंग्रजीत टू हंड्रेड थाउजंड. मुलं हमखास "ट्वेंटी थाउजंड" लिहितात, एक शून्य गायब. भारताची १४० कोटी लोकसंख्या म्हणजे १४ यी म्हणजे १.४ बिलियन. हा असा तक्ता फळ्यावर लिहून ठेवा, तुमच्यासाठीसुद्धा, कारण लाखातून मिलियनमध्ये जाताना आपणही चाचपडतोच.

ग्रामर: चुकीच्या खालचं चिनी वाक्य शोधा

आता माझा आवडता भाग. डबेवाल्यांच्या सारांशात एका मुलीने जे लिहिलं होतं ते साधारण असं: "इन मुंबई देअर हॅव मेनी डबावाला, दे एव्हरी डे टेक लंच टू ऑफिस, ऑल्दो दे डोन्ट हॅव हाय एज्युकेशन, बट दे व्हेरी लेस मेक मिस्टेक." नवीन टीचर काय करतो, लाल पेन काढतो आणि सहा ठिकाणी गोल करतो. मुलगी सॉरी म्हणते, पुढच्या वेळी परत तेच. कारण ही सहा वेगवेगळ्या गोष्टींची चूक नाहीये, हे एक नीटस चिनी वाक्य आहे ज्याला इंग्रजी कपडे घातलेत.

एकेक बघू. "देअर हॅव": चिनीत "आहे" आणि "जवळ आहे" या दोन्हीला यौ हा एकच शब्द. माझ्याकडे पुस्तक आहे, टेबलावर पुस्तक आहे, दोन्हीकडे यौ. आपल्याकडेही दोन्हीकडे "आहे"च, नाही का? म्हणजे आपल्याला हे लगेच कळतं.

"एव्हरी डे टेक": चिनीत वेळ क्रियापदाच्या आधी. ते रोज डबे नेतात. मराठीतही आधीच.

"ऑल्दो… बट": चिनीत सुएरान आणि दान्श यांची जोडी असते, एक आला की दुसरा आलाच पाहिजे, तसंच यिनवेई आणि स्वोयी, म्हणजे कारण आणि म्हणून. मराठीत "जरी" आला की "तरी" लागतोच, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. मग इंग्रजीला एकच पुरतो हे त्या पोरीला कसं पटावं? मी सांगते, इंग्रजी कंजूष आहे, दोन पैकी एकाचेच पैसे देतं, तू कुठला ते निवड. हे वाक्य मुलांना लक्षात राहतं.

"व्हेरी लेस": म्हणजे "फार कमी", हे आपण पण म्हणतो, गप्प बसा.

मधले सगळे स्वल्पविराम: चिनीत एक विचार संपेपर्यंत स्वल्पविराम देत देत जायची मुभा आहे, पूर्णविराम शेवटी. मी हे जे लिहितेय तेही तसंच चाललंय त्यामुळे मी कुणाला बोलणार. व्यायाम म्हणजे सारांश मोठ्याने वाचायचा आणि जिथे नवीन कर्ता आणि नवीन क्रियापद आलं तिथे टाळी वाजवायची. दोन टाळ्यांमध्ये जोडणारा शब्द नसेल तर तिथे पूर्णविराम.

राहिलं "मेनी डबावाला", "मेक मिस्टेक", अनेकवचनाचा एस. चिनीत नामाचं अनेकवचन होतच नाही म्हटलं तरी चालेल, माणसांसाठी एक "मन" प्रत्यय आहे तेवढाच. इथे मराठी कामाला येत नाही, आपल्याकडे घोडा-घोडे, वही-वह्या सगळं आहे. हे त्यांना "समजावून" उपयोग नाही, नियम त्यांना तुमच्यापेक्षा चांगला पाठ आहे, विचारा, सांगतील. हाताला सवय लागायला हवी. म्हणून लिहून झालं की फक्त एस शोधायला एक वेगळं वाचन, बाकी काहीही बघायचं नाही.

भूतकाळाचं प्रकरण जरा मोठं आहे. चिनी क्रियापद बदलतच नाही, काल खाणे, आज खाणे, उद्या खाणे, सगळ्याला एकच शब्द, "ची". मागे एक छोटा "ल" लागतो आणि सगळी मुलं (आणि बरेच टीचरही) समजतात की ल म्हणजे भूतकाळ. तसं नाहीये. ल म्हणजे काम पुरं झालं, केव्हा ते वेगळं. "उद्या मी जेवण खाल्लं ल की जातो" असं चिनीत अगदी बरोबर आहे. इथे मी शिन्चूला असताना एकदम उडालेच, कारण आपण काय म्हणतो? "उद्या जेवलो की निघतो." उद्या, आणि जेवलो! आणि जिन्यावरून ओरडून "हा आलोच" म्हणणारा माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसतो. तेव्हा तुम्हाला ल समजावायला चिनी शिकायची गरज नाही. मुलांना सांगायचं की इंग्रजीला काम पुरं झालं का यात एवढा रस नाही, त्याला घड्याळ बघायचंय. उताऱ्याच्या वरती मोठं लिहायचं: काल की रोज? डबेवाल्यांचा उतारा "रोज" आहे, १८९० चं वाक्य तेवढं "काल". मग प्रत्येक क्रियापदावर क किंवा र. कंटाळा येतो पण दोन आठवड्यांत फरक दिसतो.

"ही" आणि "शी": हे तुम्हाला सगळ्यात जास्त विचित्र वाटेल. चांगलं इंग्रजी बोलणारी, परदेशात शिकून आलेली माणसंही स्वतःच्या बायकोला "ही" म्हणून जातात. कारण बोलताना तो, ती, ते सगळ्यांना था हा एकच उच्चार. लिहिताना अक्षरं वेगळी, पण बाईसाठीचं वेगळं अक्षर रुळलं तेच सुमारे शंभर वर्षांपूर्वी. कँटनीजमध्येही तो-ती एकच. आपल्या भाषेत क्रियापदसुद्धा लिंग दाखवतं, तो गेला, ती गेली, त्यामुळे आपल्याला हे होऊच कसं शकतं असं वाटतं. बोलताना अडवू नका, त्याने मूल बोलायचंच थांबतं. एक पुरुष आणि एक बाई असलेली गोष्ट द्या, आजोबा आणि नात वगैरे, वाचताना दोघांना दोन रंग, आणि सारांशात प्रत्येक सर्वनामाला त्याचा रंग. रंग चुकला की स्वतःलाच दिसतं.

ए, अ‍ॅन, द यावर पहिल्या महिन्यात वेळ घालवू नका. चिनीत नाहीत, मराठीत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपणही अंदाजानेच लावतो. एवढंच सांगा की गोष्टीत पहिल्यांदा आला तर ए, ओळखीचा झाला तर द. बाकी पुढे.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर हे अजून एक. "डोन्ट यू लाईक इट?" "येस." म्हणजे आवडत नाही! चिनीत "हो, नाही आवडत" असंच म्हणतात आणि मराठीतही. आम्ही दोघी, मी आणि माझी एक शांत विद्यार्थिनी, एकमेकींना येस-येस करत राहिलो आणि तिला जो उतारा अजिबात नको होता तो मी दोन तास शिकवला.

आठवड्याचं गणित

एका वेळी दोनच चुका. या आठवड्यात एस आणि ऑल्दो-बट, बाकी कितीही चुका दिसल्या तरी पेन उचलायचं नाही. याला जीव घट्ट करावा लागतो. मुलाची एक वही असते, डाव्या बाजूला त्याचं चुकीचं वाक्य, उजव्या बाजूला बरोबर, आणि मध्ये चिनीत काय म्हणायचं होतं ते. मधला रकाना मला वाचता येत नाही, तो मुलासाठी आहे. तोच रकाना लिहिताना त्याला कळतं की चूक कुठून आली.

मग पुढच्या आठवड्यात त्याच्याच दुरुस्त केलेल्या सारांशातले १० शब्द मी गाळते, क्रियापदं, एस लागलेली नामं, जोडशब्द, आणि तो गाळलेल्या जागा म्हणून सोडवायला देते. गाओकाओचा प्रश्न जसा असतो तसाच दिसतो, आईवडील खूष, आणि मुलाला स्वतःचंच वाक्य असल्यामुळे अर्थावरून जागा भरता येते. दुकानातल्या वर्कबुकपेक्षा हे शंभर पटीने चांगलं, हे माझं मत आहे आणि मी बदलणार नाही.

साधारण तासाची वाटणी: १५ मिनिटं वाचन, १० तोंडी, २० लिहिणं, उरलेला वेळ ग्रामर. लिहिण्याचे २० मिनिटं तुम्ही गप्प बसायचं. ऑनलाईन शांतता फार लांब वाटते, मी तेव्हा कोथिंबीर निवडते, माईक म्यूट करून.

आपल्या स्वतःच्या चुका

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आपलं इंग्रजी त्यांच्याकडे जातं. "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग", "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स", "डिस्कस अबाऊट", "रिप्लाय मी", "पास्ड आऊट इन २०१०". मुंबई-पुण्यात हे सगळं चालतं, पण त्यांच्या परीक्षेत मार्क जातात, आणि पोरं तुमचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतात, "चांगली वाक्यं" म्हणून. माझ्या एका विद्यार्थ्याने "डू द नीडफुल" लिहिलेला ईमेल मला दाखवला तेव्हा मला खाली गाडल्यासारखं झालं. पहिले दोन-तीन क्लास रेकॉर्ड करा, मुलाच्या घरच्यांना विचारून, आणि नंतर फक्त स्वतःला ऐका.

उच्चारांची काळजी कमी करा. तैवानला केके नावाची उच्चारचिन्हं शिकवतात, अमेरिकन वळणाची, त्यामुळे मुलं सुरुवातीला आपला "ट" आणि "ड" ऐकून थोडी बिचकतात. दोन क्लासमध्ये कान लागतो.

राहता राहिले पैसे. महिन्याची फी आगाऊ घ्या आणि सुट्ट्यांचं आधीच बोलून ठेवा. चिनी नववर्षाला, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कधीतरी, निदान दोन आठवडे कुणी उगवत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मेनलँडला मोठी सुट्टी असते आणि त्या सुट्टीचे दिवस भरून काढायला त्यांना आधीच्या किंवा नंतरच्या एखाद्या शनिवारी-रविवारी शाळा-ऑफिस असतं, म्हणजे तुम्ही रविवारी पाच वाजता चहा घेऊन बसलेले आणि ते वर्गात. आणि आपली दिवाळी त्यांना माहीत नसते, तेव्हा ती तारीख तुम्हीच आधी कळवा.